घर आधी ऐकावे, यंत्र मग घ्यावे

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचे तर काय काय घ्यावे आणि त्यात किती पैसे घालावेत, हा प्रश्न यंदा या सदराकडे निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. कोणाची कन्या सुगम संगीत शिकते आहे, कोणाच्या चिरंजीवांनी गिटार हाती घेतली आहे, कोणा निवृत्त गृहस्थांना आपला हरिपाठ नातवंडांसाठी ठेवायचा आहे. एका भगिनीने तर चार ओळींतच सारे सांगितले: सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना पुष्कळ ओव्या येतात, आणि घरात दुसऱ्या कोणालाही त्या येत नाहीत.

मराठीच्या मास्तराला यंत्रातले काय कळते, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. ती रास्त आहे. परंतु बोलीचा नाद लागलेल्या माणसाला आवाज टिपून ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० च्या कादंबरीत वऱ्हाडी बोली कशी जिवंत उतरली आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. पण छापील अक्षर कितीही इमानी असले तरी बोलण्यातला हेल, वाक्याच्या शेवटी लांबणारा स्वर आणि मध्येच घेतलेला श्वास कागदावर उतरत नाही. शब्द पुस्तकात राहतो, आवाज माणसाबरोबर जातो. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

आमचे शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, संत्र्याच्या कलमांचे गाव. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात आणि ती कलमे दूरदूर जातात. इथला जाणता शेतकरी कलम घेताना वरच्या हिरव्या पानांवर भाळत नाही. तो खाली वाकून खुंट पाहतो. ध्वनिमुद्रणातही हाच न्याय लागू पडतो. मायक्रोफोन म्हणजे वरची पालवी. खुंट म्हणजे तुमची खोली.

गावातल्या एका होतकरू तरुणाने मोठ्या उमेदीने भारी किमतीचा कंडेन्सर मायक्रोफोन आणला आणि रस्त्याकडच्या खोलीत मांडला. पहिल्याच गाण्यात पंख्याची घरघर, शेजारचा कुकर, गल्लीतली मोटारसायकल आणि दूरच्या पंपाची धाप अशी सारी मंडळी हजर झाली. मायक्रोफोनचा काही दोष नव्हता. त्याला जे ऐकू आले ते त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपला कान नको ते वगळून ऐकतो, यंत्राला ती कला नाही.

म्हणून पहिले काम बिनपैशाचे. घरातली सगळ्यांत आतली, रस्त्यापासून दूरची खोली निवडावी. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे झणझण शेपूट ऐकू आले तर समजावे की भिंती आवाज परत फेकीत आहेत. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवावे, दारावर जाड गोधडी सोडावी, खाली सतरंजी अंथरावी, बोलणाऱ्याच्या पाठीमागे गादी उभी करावी. पुस्तकांची मांडणीही उपयोगी पडते. कोणाच्या घरी पुस्तके असतील तर त्यांना हे एक नवे काम मिळाले म्हणायचे. मात्र एक भेद ध्यानात असू द्यावा. गोधडीने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा गोंगाट अडत नाही. त्याला उपाय एकच: वेळ निवडणे. पहाटेचा किंवा जेवणे आटोपल्यानंतरचा तास पाहावा, पंखा बंद करावा, फ्रिजचे बटण तेवढ्यापुरते मिटवावे आणि नंतर आठवणीने पुन्हा लावावे; नाहीतर दिवाळीचे श्रीखंड या सदराच्या नावाने आंबेल.

आता यंत्रांकडे वळू. तीन पायऱ्या कराव्या, आणि पहिली चढून झाल्यावाचून दुसरीवर पाय ठेवू नये.

पहिली पायरी शून्य रुपयांची. हाती असलेला मोबाइल बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, पुस्तकांच्या चळतीवर, रुमालाची घडी घालून ठेवावा. त्याला विमानाच्या खुणेवर न्यावे, म्हणजे ऐन ओवीत कोणाचा फोन वाजणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या सोयीत 'वेव्ह' किंवा अखंड दर्जाचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. जवळ ठेवलेला साधा फोन दूर ठेवलेल्या महागड्या मायक्रोफोनला हार खायला लावतो, तो एवढ्यासाठी.

दुसरी पायरी पाच ते दहा हजारांच्या अंदाजाची. संगणक घरात आहे असे धरले, तर त्याला थेट जोडता येणारा यूएसबी मायक्रोफोन, त्याचा स्टँड आणि कानाभोवती बंद बसणारा हेडफोन, एवढे पुरे. मायक्रोफोनच्या दोन जाती आहेत. डायनॅमिक जातीत आवाजाने पडदा हलतो, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलते आणि वीज निर्माण होते. हा गडी राकट. जवळचे ऐकतो, दूरच्याकडे फारसे लक्ष देत नाही. कंडेन्सर जातीत पातळ पडदा आणि त्यामागची विद्युतभारित पट्टी यांतले अंतर बदलते, त्यावरून आवाज नोंदला जातो. हा गडी नाजूक कानाचा. सतारीचा झंकारही टिपतो आणि शेजाऱ्यांचे भांडणही. खोली शांत असेल तर कंडेन्सर, नसेल तर डायनॅमिक, असा सोपा निवाडा आहे. आपल्याकडील बहुतेक मध्यमवर्गीय घरांत दुसरा निवाडाच लागू पडतो. यूएसबी आणि एक्सएलआर या दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक मायक्रोफोन मिळतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर २१००एक्स हा त्यातला एक. तसा घेतला तर पुढची पायरी चढताना जुना टाकावा लागत नाही. संसारी माणसाने हा विचार आधी करावा.

तिसरी पायरी पंधरा ते पंचवीस हजारांची. गाणारा एक आणि वाजवणारा दुसरा, दोघांचा आवाज वेगवेगळा हवा असेल तेव्हाच तिची गरज पडते. तिथे ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. मायक्रोफोनचा क्षीण विद्युतप्रवाह ती वाढवते आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करून संगणकाला देते. फोकसराइट, बेहरिंगर अशा कंपन्यांच्या लहान पेट्या घरगुती कामाला पुरतात. घेताना दोन प्रश्न विचारावेत: मायक्रोफोनसाठी जागा किती, आणि कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आहे की नाही? दोघांचे दोन मायक्रोफोन असतील तर एकाच जागेची पेटी स्वस्त दिसली तरी कामाची नव्हे.

यापलीकडे दुकानदार जे सांगेल त्यातले बहुतेक पुढच्या दिवाळीवर ढकलावे. दोन वस्तू मात्र स्वस्त असून मोलाच्या आहेत. प, फ, भ म्हणताना तोंडातून जो वारा सुटतो तो अडवणारी पॉप फिल्टरची जाळी एक, आणि चांगली केबल दुसरी. स्पंजाच्या पातळ चौकोनांनी सबंध भिंत मढवण्याचा मोह टाळावा. त्याने फक्त वरचे तीक्ष्ण स्वर मरतात आणि आवाज कोंदट होतो. गोधडी जाड असते, म्हणून ती त्याहून बरी.

संगणकातील साधनांसाठी तर प्रारंभी दमडीही मोजू नये. ऑडॅसिटी हे साधन २००० सालापासून मोफत उपलब्ध आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळते. अनेक आवाज एकावर एक चढवून गाणे बांधायचे असेल तर रीपर आहे. ते साठ दिवस वापरून पाहता येते, मग परवान्याचे पैसे भरावेत. चोरून उतरवलेली महागडी साधने घरात आणू नयेत. त्यांच्याबरोबर संगणकाचे रोगही येतात, आणि मुलांसमोर चांगला धडाही जात नाही.

आकड्यांना घाबरू नये. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट एवढे दोन आकडे ठेवावेत. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, आणि ते टिपायला दर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त नोंदी पुरतात. एका मायक्रोफोनच्या एका तासाला या हिशेबाने सुमारे ५१८ मेगाबाइट जागा लागते. आवाजाची पट्टी वर जाताना उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. शून्याला टेकून फाटलेला आवाज मागाहून नीट होत नाही. हळू आलेला वाढवता येतो. आरंभी दहा सेकंद सर्वांनी गप्प बसावे. त्या शांततेतली गुणगुण ओळखून ऑडॅसिटी ती पुढे कमी करू शकते. लॅपटॉपचा चार्जर काढला की ही गुणगुण कित्येकदा आपोआप जाते.

इतके झाले की यंत्राचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते. ते अधिक अवघड आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजी वऱ्हाडी गाण्यांचे भांडार. आम्ही यंत्र मांडले तशा त्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "कायले लावता बाप्पा हे? माह्या आवाजात आता काय राह्यलं?" नातू म्हणाला, "आजी, मले ऐकाचं हाये. यंत्राले नाही." मग त्याने सूप पुढे ओढले आणि दोघे तांदूळ निवडायला बसले. हाताला काम मिळाले तसा गळा मोकळा झाला. ओव्या जात्यावर जन्मल्या, भुलाबाईची गाणी फेरात. रिकाम्या हातांनी, खुर्चीवर ताठ बसून ती आठवत नाहीत. सुपाचा आवाज मुद्रणात आला तर येऊ द्यावा. तो गोंगाट नव्हे, साथ आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतील पुष्कळ गळ्यांचे ध्वनिमुद्रण केले, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात हे धन सर्वांना ऐकायला मिळू लागले. एवढे मोठे काम काही आपल्या हातून व्हायचे नाही. पण आपल्या घरातल्या एका आजीचे काम त्या थोरांच्या हातूनही झालेले नसते. ते घरच्यांनीच करायचे असते.

करताना एक जुना पाठ गिरवावा. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांनी तबकडी भरली, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोव्हरला. कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या कारागिरांना त्यावरून कळे. आपणही प्रत्येक मुद्रणात नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले हे बोलून घ्यावे. माहेरचे गाणे की सासरचे, हेही विचारावे. एवढ्यावरून पुढच्या अभ्यासकाला अर्धा इतिहास कळतो. शब्द लिहून काढताना ते जसे आले तसेच लिहावेत. 'मले'चे 'मला' करणाऱ्या शहाण्या नातवाला तेवढ्यापुरते दुसऱ्या खोलीत बसवावे. आणि हे मुद्रण बाहेरच्यांना ऐकवायचे की घरातच ठेवायचे, हे म्हणणाऱ्यालाच विचारून ठरवावे. आजीचा आवाज ही आजीची मालमत्ता आहे.

शेवटी जपणूक. मूळ वेव्ह फाइल जशीच्या तशी ठेवावी. कापाकापी तिच्या प्रतीवर करावी. प्रती तीन असाव्यात: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. व्हॉट्‌सॲपवर पाठवायची तर दस्तऐवज म्हणून पाठवावी, म्हणजे आवाज आवळला जाणार नाही. आणि वर्षातून एकदा तरी उघडून ऐकावी. न उघडलेली डिस्क आणि न उघडलेली पेटी, दोन्हींत वाळवी सारखीच लागते.

आमच्या जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीस गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना जाऊन १९६८ पासून कितीतरी काळ लोटला. त्यांची खंजिरी आज आमच्या मुलांना ऐकता येते, कारण कोणीतरी वेळेवर यंत्र पुढे धरले. थोरांसाठी असे कोणी ना कोणी उभे राहते. आपल्या घरातल्या माणसांसाठी आपणच उभे राहायचे.

दिवाळीत सारी मंडळी घरी जमतील. खरेदीच्या यादीत मायक्रोफोन लिहिण्यापूर्वी पाडव्याच्या किंवा भाऊबीजेच्या दुपारी घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा, मोबाइल रुमालावर ठेवा आणि एक प्रश्न विचारा: "तुमच्या लहानपणी दिवाळी कशी व्हायची?" मग मध्ये बोलू नका. ते मुद्रण ऐकून झाल्यावर आणखी चांगले यंत्र हवे असे वाटले, तर वरची दुसरी पायरी तुमच्यासाठीच लिहिली आहे. सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.