भाजी पिकली, बसायचे कुठे?



नागापूरच्या बैठकीला गेले की हल्ली एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. दहा-पंधरा गुंठे उरले आहेत, विहिरीला पाणी आहे, शहर दारात येऊन उभे आहे, तर भाजीपाला करून घर चालेल का? विचारणारे बहुतेक तरुण असतात. कुणाच्या आजाची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, कुणाची भावाभावांत वाटली गेली. दिवसा ठेकेदाराच्या हाताखाली पाळी करायची आणि उरल्या वेळात उरलेल्या तुकड्याकडे बघत बसायचे, अशी त्यांची गत आहे. मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना, बोल्हेगावापर्यंत, असे तुकडे इमारतींच्या मधेमधे अजून हिरवे दिसतात. बिल्डरची नजर त्यांच्यावर आहेच. म्हणून प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही.

दहा गुंठ्यांची थट्टा करू नये. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या कामातून दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, असा हिशेब मांडला होता आणि शहरातल्या गच्चीवरसुद्धा भाजी पिकवायला लोकांना शिकवले होते. पिकवण्याचा प्रश्न तिथेच निम्मा सुटला. मेथी अठ्ठावीस-तीस दिवसांत उपटायला येते. पालक महिन्याभरात पहिल्या कापणीला येतो आणि मग पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापता येतो. कोथिंबिरीला थोडा जास्त वेळ लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत ती उगवायलाच कुरकुर करते. पण त्याच दिवसांत तिला भाव असतो, म्हणून सावलीच्या जाळीचा खर्च तिथे सोसतो.

आमच्याकडची नेहमीची चूक अशी की दहाही गुंठ्यांत एकाच दिवशी मेथी फेकायची. महिन्याने तीन हजार जुड्या एकदम निघतात. टेम्पो करून रात्रीच बाजार समिती गाठायची आणि शेकड्याला जो पुकारा होईल तो मान खाली घालून घ्यायचा. त्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी एकच गुंठा पेरा. दहावा गुंठा पेरून होतो तोवर पहिला काढणीला आलेला असतो आणि चक्र फिरू लागते. सगळ्या गुंठ्यांत मेथीच घ्या असे नाही. पालक, मुळा, शेपू, बांधाला राहुरीच्या विद्यापीठाचा सम्राट दुधी किंवा हिमांगी काकडी असे मिसळावे. हिशेब समजावा म्हणून इथे मेथीच धरतो.

एका गुंठ्यात तीनशे जुड्या धरू. समजा बी ६० रुपये, शेणखत २००, खुरपणीची एक मजुरी ३००, उपटून जुड्या बांधायला दोन बायांची दिवसाची मजुरी ६००, पाणी-वीज १००, किरकोळ ४०. एकूण १३०० रुपये. घरच्या माणसाची मजुरीही यात धरली आहे. ती धरायची नाही, ही सवय आपल्याला कृषी खात्याने आणि आपल्याच बापजाद्यांनी लावली. ती मोडायला १९८० सालापासून आपण घसा कोरडा करतो आहोत.

आता विक्री. शेकडा ५०० चा भाव मिळाला तर तीनशे जुड्यांचे १५००. भाडे, हमाली, बारदान यांत २५० गेले, राहिले १२५०. म्हणजे ५० रुपये तोटा. तोच माल रोज शंभर जुड्या याप्रमाणे तीन दिवस स्वतः बसून दहा रुपयांना विकला, पंधरा टक्के सुकून वाया गेला असे धरले, तर हाती २५५०. त्यातून खर्च १३०० आणि विकणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी २०० प्रमाणे तीन दिवसांची ६०० वजा केली तर ६५० शिल्लक. महिन्याला अशी दहा चक्रे. सगळे श्रम घरचेच असतील तर मजुरीसकट महिन्याला साडेएकवीस हजार घरात येतात. बाजार समितीच्या वाटेने साडेआठ हजार येतात. हे भाव वर्षभर टिकत नाहीत. थंडीत मेथी मातीमोल होते, पावसाळ्यात वाफेच्या वाफे सडतात. ज्याने त्याने आपले आकडे घालून हा हिशेब पुन्हा करून पाहावा.

पण याच हिशेबातली एक पायरी मागे जाऊन बघा. पंधरा टक्क्यांऐवजी निम्मा माल पडून राहिला तर? हाती १५०० आणि खर्च १९००. चारशे रुपये तोटा, म्हणजे बाजार समितीपेक्षाही वाईट. पंधरा टक्के आणि पन्नास टक्के यांतला फरक वाफ्यात पडत नाही, रस्त्यावर पडतो. पाळी सुटायच्या वेळेला, रोज त्याच जागी बसता आले तर माल खपतो. गिऱ्हाईक जागा ओळखते, माणूस ओळखते. आज कोपऱ्यावर, उद्या हुसकावले म्हणून गल्लीत, परवा घरीच, असे झाले की धंदा संपला. एका शहरात अतिक्रमण पथकाने एका बाईचा वजनकाटा जुड्यांसकट गाडीत टाकलेला मी उभ्या डोळ्यांनी पाहिला आहे. दंड भरून काटा सुटला, तोवर पालकाचा चोथा झाला होता. कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हाला हेक्टरी किती क्विंटल हे पाठ करून घेतले. काटा उचलून नेला तर काय करायचे, हे कोणत्याच वर्गात नव्हते.

कायदा काय म्हणतो? जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. आपली ती जुनी मागणी होती आणि त्या वेळी व्यापाऱ्यांनी बंद पुकारला तरी ती मिळाली. म्हणजे नागापूरच्या शेतकऱ्याने आपली मेथी आपल्या हाताने विकायला बाजार समितीची परवानगी लागत नाही. पण समितीच्या दारातून सुटलेला शेतकरी महानगरपालिकेच्या दारात अडकला. रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, नगर पथविक्रेता समिती आहे. मात्र प्रमाणपत्र मागणाऱ्याने हमी द्यायची की आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही. सातबारावर दहा गुंठे असलेल्या माणसाने ही हमी कशी द्यावी? दिली तर खोटा ठरतो, न दिली तर अतिक्रमण. ज्याने पिकवले त्यालाच विकायची जागा नाही आणि त्याच्याकडून पाच रुपयांना घेऊन पंधराला विकणारा प्रमाणपत्रधारक! हातगाडीवाल्याशी आपले वैर नाही, तोही पोटासाठीच उभा आहे. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेतकरी विक्रेता नव्हताच, एवढे स्पष्ट दिसते.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, २०१६ साली मुंबईत विधानभवनाच्या आवारात बाजार भरला, मंत्र्यांनी भाजी घेतल्याचे फोटो छापून आले. चांगले झाले. पण पालक आठवड्याची वाट पाहत नाही. आपल्याला रोजचे दोन तास हवेत.

म्हणून जिल्हा बैठकीत पुढील मागणी ठरावाच्या रूपाने मांडत आहोत. अहिल्यानगर महानगरपालिकेने नागापूर-बोल्हेगाव आणि सावेडी भागांत, तसेच औद्योगिक वसाहतीच्या मोकळ्या जागांत संबंधित महामंडळाने, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास केवळ उत्पादकांसाठी जागा आखून द्यावी. ओळख म्हणून सातबारा आणि पीकपाहणीचा उतारा पुरेसा मानावा. जमीन नावावर नसलेल्या घरच्या बाईलाही त्यावर बसता यावे. ही शेवटची अट कुणी बारीक समजू नये. १९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत कित्येकांनी बायकोच्या नावे जमीन केली. तरी अजून बहुतेक सातबाऱ्यांवर तिचे नाव नाही, आणि भाजी विकायला बसते ती तीच. संध्याकाळी पदराच्या गाठीत जो पैसा येतो तो पाटावरच्या उसाच्या पट्टीसारखा वर्षाने येत नाही, सोसायटीत वळता होत नाही. घरात त्याचे वजन वेगळे असते.

कांद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा जिल्ह्याने काय सोसले ते सांगायला नको. कोथिंबिरीवर बंदी घालायचे दिल्लीला अजून सुचलेले नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट! पण म्हणून कांदा सोडून सगळ्यांनी भाजी करावी असे आम्ही म्हणत नाही. हा धंदा शहराला लागून असलेल्या आणि रोज हजर राहू शकणाऱ्या घराचा आहे. रोज शंभर जुड्या खपवायच्या आणि एका घराला आठवड्याला साडेतीन जुड्या लागतात असे धरले, तर दोनशे घरे हवीत. वाफा टाकण्याआधी उंबरे मोजावेत.

आणखी एक कडू गोष्ट, ती आपल्याच माणसांना. शहराजवळच्या नदी-नाल्यांत सांडपाणी सुटते, सीना त्याला अपवाद नाही. मुंबईत लोकलच्या रुळांलगत गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या पालकाची काय बदनामी झाली ते सर्वांना ठाऊक आहे. पालेभाजी पाण्यातले जड धातू पानात साठवते, ती कितीही धुतली तरी ते जात नाहीत. ज्याची विहीर नाल्याच्या काठाला आहे त्याने आधी पाणी तपासून घ्यावे. तपासणीत पाणी वाईट निघाले तर पालेभाजी करू नये. त्या तुकड्यात फुले घ्यावीत, रोपवाटिका करावी. एका वाफ्यापायी सगळ्या नागापूरच्या भाजीला नाव पडले तर मागून मिळालेली जागाही ओस पडेल.

नागापूर, बोल्हेगाव आणि विळद भागातून बैठकीला येणाऱ्यांनी सातबारा, विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणि एका महिन्याच्या विक्रीची वही बरोबर आणावी. वही नसेल त्याने उद्यापासून लिहायला घ्यावी. किती जुड्या नेल्या, किती परत आणल्या आणि कुठून उठवले गेले, एवढे लिहिले तरी महानगरपालिकेसमोर बोलायला पुरे.