भिंग बसले नाही म्हणजे डोळा गेला नव्हे

रिसोड तालुक्यातील एक साठीचे शेतकरी मध्यंतरी खोकल्यासाठी माझ्याकडे आले. तपासताना लक्षात आले की उजव्या डोळ्याने त्यांना माझी बोटेसुद्धा धड मोजता येत नाहीत. म्हणाले, "तो डोळा फेल गेला, डाक्टरसाहेब. तीन साल झाले मोतीबिंदूच्या आपरेशनले." मुलाकडून कार्ड मागवले. त्यात एक ओळ होती, भिंग बसवलेले नाही. तीही इंग्रजीत! घरात कोणालाच तिचा अर्थ लागला नव्हता.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून अधिक दहा नंबरचे भिंग आणून त्या डोळ्यापुढे धरले. समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा त्यांनी भराभर वाचल्या. म्हणजे आतला पडदा चांगला होता. नव्हते ते फक्त भिंग.

वाचकहो, मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग बसवतात ते नैसर्गिक भिंगाच्या पातळ पिशवीत. ही पिशवी बारीक तंतूंनी डोळ्यात टांगलेली असते. शस्त्रक्रियेत ती फाटली, किंवा बैलाचे शिंग वा पऱ्हाटीचा फोक लागून तंतू तुटले, की नव्या भिंगाला आधार उरत नाही. यात दर वेळी डॉक्टरचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. फार पिकलेल्या मोतीबिंदूत निष्णात हातांनाही हे टळत नाही. अशा वेळी भिंग न बसवता थांबणे हा शहाणपणाही असू शकतो. पण थांबलो आहोत, हे सांगायला नको का?

पूर्वी शिबिरांत पिशवीसकटच भिंग काढीत आणि जाड काचेचा चष्मा देत. त्याने वस्तू जवळजवळ पाव पटीने मोठी दिसते. दुसरा डोळा चांगला असेल तर एकाच वस्तूच्या दोन आकृत्या दिसतात आणि माणूस चष्मा खुंटीला टांगतो.

आता अशा डोळ्यातही भिंग बसवता येते. ते बुबुळाच्या पुढे ठेवतात, बुबुळालाच चिमटीसारखे अडकवतात किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टाक्यांनी बांधतात. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ साली भिंगाचे पाय त्या पांढऱ्या भागात खोवून वर रक्तघटकांपासून केलेला गोंद लावण्याची रीत आणली. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २००३ आणि २०२० साली उपलब्ध अभ्यास तपासले; कोणतीही एक पद्धत इतरांहून सरस ठरली नाही. म्हणून पद्धतीच्या नावापेक्षा ती शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन शोधावा.

धोके आहेत. पडद्याला सूज येते, डोळ्याचा दाब वाढतो, भिंग तिरपे होते, क्वचित पडदा सुटतो. पडदा किंवा डोळ्याची नस आधीच खराब असेल तर भिंग बसवूनही उजेड पडत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, भिंग बसले नसेल तर सुटीच्या कार्डावर ते मराठीत, ठळक लिहावे आणि पुढे कोठे दाखवायचे तेही लिहावे. ज्यांच्या घरी असा 'फेल' डोळा आहे त्यांनी जुने कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जावे.

त्या शेतकऱ्यांच्या डोळ्यात नंतर भिंग बसले. दोन महिन्यांनी पडद्याला सूज आली, ती थेंबांनी उतरली. बारीक अक्षरांना चष्मा लागतोच, आणि दाब तपासायला दर तीन महिन्यांनी जावे लागते. मागच्या वेळी मात्र ते एकटेच एस.टी.ने गेले.