निष्काळजीपणाच्या रकान्यापलीकडे

तळेगाव दाभाडे ते चाकण या पट्ट्यातील वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्याला साच्यात दाबून आकार देणारे यंत्र, जितके उत्पादक तितकेच बोटांसाठी घातक ठरते; तरीही अपघाताच्या चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण नोंदवून फाईल बंद करण्याची रूढी टिकून आहे. या नोंदीमुळे हात आत असताना प्रेस खाली येऊच कशी शकली, हा तांत्रिक प्रश्न अनुत्तरित राहतो.

या प्रश्नाची उत्तरे अज्ञात नाहीत. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज स्ट्रोक न देणारी रचना आणि हात आड येताच यंत्र थांबविणारा प्रकाशपडदा ही साधने परिचित आहेत. मात्र जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये सुरू झालेला स्ट्रोक मध्येच थांबविता येत नसल्याने तेथे प्रकाशपडदा निरुपयोगी ठरतो आणि साच्याभोवती पक्के कुंपण किंवा यंत्रबदल हे मुख्य मार्ग उरतात. अडचण आहे ती तासाचा आकडा गाठण्यासाठी सेन्सर बायपास करणाऱ्या सुपरवायझरला ‘कामाचा माणूस’ मानणाऱ्या, हेल्परला प्रशिक्षणाविना प्रेसवर उभे करणाऱ्या आणि तक्रार करणाऱ्या ठेकेदारी कामगाराला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठविणाऱ्या कार्यसंस्कृतीची. ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारा फलकदेखील, आकडा शून्यावर येऊ नये या दडपणाने, दुखापत लपविण्यास प्रवृत्त करू शकतो.

कायद्याने या संस्कृतीला छेद देण्याचा प्रयत्न पूर्वीच केला आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१-एच समाविष्ट होऊन घातक प्रक्रियेच्या कारखान्यांतील कामगारांना आसन्न धोक्याची सूचना देण्याचा अधिकार मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम १४ ने तो संहिता लागू असलेल्या सर्व आस्थापनांतील कर्मचाऱ्यांपर्यंत नेला. तथापि, ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याच्यासाठी हा अधिकार कागदावरच राहतो. टोयोटाच्या ‘अँडॉन’ पद्धतीत दोष दिसताच लाइन थांबविण्याची मुभा सामान्य कामगारालाही असते. या पट्ट्याने ती पद्धत गुणवत्तेसाठी स्वीकारली, परंतु नगाच्या दोषासाठी थांबणारी लाइन हाताच्या धोक्यासाठी थांबतेच असे नाही.

म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यांनी आरंभ स्वतःच्या नोंदवहीपासून करावा. चौकशी अहवालात यंत्राची स्थिती, बायपासचा आदेश देणाऱ्याचे पद आणि त्या पाळीचे उद्दिष्ट यांची नोंद सक्तीची करावी, थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती देणाऱ्यास ठेकेदारीतही संरक्षण द्यावे, आणि पुरवठादाराचे मूल्यमापन करताना मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या नगांइतकेच गमावलेल्या बोटांचेही गुण कापावेत, असा आग्रह धरावा. कारण खरेदी विभाग जे मोजतो, तेच कारखाना जपतो.