सगळ्यांचे डाव एकट्याने खेळणाऱ्यांस

आखाजीला पत्ते खेळले नाहीत तर सण झाला असे आमच्या खानदेशात पुष्कळांना वाटतच नाही. लेकीबाळी झोक्यावर आणि पुरुषमंडळी ओट्यावर रिंगण धरून. रिंगणात पैसा असतो, आरडाओरड असते, क्वचित भांडणही. अशा मंडळींना सहकाराच्या खेळाचे हसू यावे यात नवल नाही. "सगळेच एका बाजूला? मग हरायचे कोणी?" असा प्रश्न गेल्या आखाजीला आमच्या ओट्यावर मोठ्या तोऱ्याने विचारण्यात आला.

सगळ्यांनी, हे त्याचे उत्तर. भाचीने पुण्याहून आणलेले 'ग्लूमहेवन' नावाचे खोके (2017 सालचे, वजन सुमारे दहा किलो, आणताना हमालच करावा लागला असणार!) एकदा उघडून पाहावे. चौघांनी भुयारात शिरायचे. दार उघडले की आत राक्षस. त्यांच्या चाली त्यांची पानेच ठरवतात. दर फेरीला आपल्या हातची दोन पाने लावायची. पाने फिरून हाती घेताना एकेक कायमचे जाते, आणि पाने सरली की गडी थकून बाद. रेंगाळणाऱ्याला भुयार गिळते. आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. सोंगट्यांच्या पटावर समोरासमोरचे दोघे भिडूच असतात. एकाच्या सोंगट्या घरी पोचून भागत नाही, दुसऱ्याच्याही पोचाव्या लागतात.

तेव्हा हसणाऱ्यांचे सोडा. आमचा राग निराळ्या गृहस्थांवर आहे. हे शहाणे असतात, नियम पाठ करून येतात आणि पहिल्या फेरीपासून चौघांचेही डाव स्वतःच खेळतात. "तू ते पान टाक. तू मागे सर. अगं, तिथे नको!" शेवटी राक्षस मरतात आणि बाकीचे तिघे जांभया देतात.

कबूल करायला हवे की त्या दिवशी ते गृहस्थ आम्हीच होतो. दुसऱ्या दारापाशी भाचीने पाने आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, माझेही तुम्हीच खेळा. मी रसाचे आंबे पिळते." ती पुन्हा बसली नाही.

खेळ रचणाऱ्या आयझॅक चिल्ड्रेसला असला मामा ठाऊक असावा. त्याचा नियम असा की, मी लवकर जातो, मी जोरात मारतो, इतपत मोघम बोलावे. पानावरचा आकडा सांगू नये. प्रत्येकाचे एक गुप्त उद्दिष्ट असते, आणि सोने ज्याने उचलले त्याचेच. "घरच्यांत कसले गुपित?" म्हणून हे नियम आम्ही पहिल्याच दिवशी धाब्यावर बसवले, आणि तिथेच खेळ मारला. गुपित आहे म्हणून तर समोरच्यावर भरवसा ठेवावा लागतो!

शहाणे म्हणतील, पोरीने चुकीचे पान टाकले तर डाव जाईल. जाऊ द्या. गेलेला डाव पुन्हा मांडता येतो. राक्षस फारच भारी पडले तर त्यांची पातळी उतरवण्याचीही सोय आहे. मात्र चूक तिची तिला करू द्यावी. विचारले तर सांगावे. न विचारता हात पुढे जाऊ लागला तर तो मांडीखाली दाबून बसावे.

भाची या दिवाळीला येते आहे. खोके माळ्यावरून काढून पुसून ठेवले आहे. ते उघडायचे की नाही, ते तिने ठरवायचे आहे.