पंचाचं करिअर कुणाला हवंय?

फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची गादी विभागाची फायनल. निकाल पृथ्वीराज मोहोळच्या बाजूनं गेला आणि शिवराज राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पाठ टेकली होती की नाही, यावर आपण कितीतरी दिवस रील्स फिरवल्या. राक्षेवर तीन वर्षांची बंदीही आली. पण ज्याला लाथ बसली तो माणूस पंच कसा झाला, त्याला या कामाचे किती मिळतात, हा प्रश्न किती जणांना पडला?

आमच्या बिडकीनला तरी वेगळं काय आहे? टेनिस बॉलच्या स्पर्धेचा फ्लेक्स बघा. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मॅन ऑफ द सिरीज, खाली सौजन्यवाल्यांचे फोटो. अंपायर कोण? बॅटिंगवाल्या टीममध्ये ज्याचा नंबर शेवटी तो. त्यानं आपल्याच माणसाला रनआऊट दिलं की लगेच, ‘तू नेमका कुणाकडून आहेस रे?’

माझं म्हणणं असं की, ज्याला खेळता येत नाही त्यानं पंच व्हायचं, ही समजूतच चुकीची आहे. नवी मुंबईच्या वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या. २०१३च्या महिला वर्ल्डकपमध्ये त्यांनी स्कोअरिंग केलं, तिथं न्यूझीलंडच्या अंपायर कॅथी क्रॉस भेटल्या आणि राठींनी अंपायरिंगचं मनावर घेतलं. परीक्षा दिल्या. २०२० मध्ये आयसीसीच्या डेव्हलपमेंट पॅनलवर निवड झाली. जानेवारी २०२३ मध्ये पर्वरीला गोवा-पुदुच्चेरी रणजी सामन्यात त्या उभ्या राहिल्या. पुरुषांच्या रणजीत महिला अंपायर दिसल्या त्या याच मोसमात पहिल्यांदा.

पैसे? बीसीसीआयच्या वरच्या श्रेणीतल्या अंपायरला रणजीत दिवसाला ४० हजार, असं २०२२ मध्ये छापून आलं होतं. आकडा बघून हुरळून जाऊ नका, तिथवर पोचणारे मोजकेच. आणि हा बारमाही पगार नव्हे. अमेरिकेतल्या श्रीमंत एनएफएल फुटबॉल लीगमध्येही बहुतेक रेफरी दुसरी नोकरी सांभाळतात. एड होच्युली १९९० ते २०१७ रेफरीगिरी करत होते, दोन सुपर बोल त्यांनी सांभाळले, पण पेशानं ते वकील. म्हणजे डिग्री सोडून मैदानात पळा असं मी म्हणत नाहीये. डिग्रीसोबत हेही करता येतं.

आता कॉलेजांकडे येऊ. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांआधी खेळाडूंचं शिबिर होतं. तसंच कबड्डी, क्रिकेट, कुस्तीच्या पंचांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायला काय हरकत आहे? नियमांचं पुस्तक, एक छोटी परीक्षा, पास होईल त्याला मॅचमागे मानधन. मुलींनाही बोलवा, नुसतं बक्षीस वाटपाचं ताट धरायला नको.

आणि गावच्या आयोजकांनो, डीजेच्या बजेटमधून अंपायरचे पाचशे रुपये काढा. स्कोअर लिहिणाऱ्यालाही द्या. राठींची सुरुवात त्याच वहीपासून झाली होती.