दोष दाखविणाराचा मान

गेल्या पौषांत आमचा पुतण्या चार दिवसांच्या सुटीवर घरीं आला होता. तो एका मोटारींच्या कारखान्यांत अभियंता आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत गोष्टी चालल्या असतां तो म्हणाला, "काका, आमच्याकडे प्रत्येक कामगाराच्या हाताशीं एक दोरी असते. कामांत खोट दिसली कीं त्यानें ती ओढावयाची. वरचा माणूस धांवत येतो, आणि खोट तेथल्या तेथें दूर न झाल्यास कामाची सारी रांग थांबते."

आम्हीं विचारलें, "काम थांबविल्याबद्दल त्याला शिक्षा काय?"

तो हंसून म्हणाला, "शिक्षा कसली, काका? त्याचे आभार मानतात."

हें ऐकून आम्ही चकित झालों, आणि थोडे खजीलही झालों. खजील कां झालों, तें शेवटीं सांगूं.

या दोरीचें मूळ मोटारींत नसून कापडाच्या मागांत आहे. साकिची टोयोडा (१८६७–१९३०) हा जपानांतील एका सुताराचा मुलगा. माग सुधारण्याचा ध्यास त्यानें जन्मभर बाळगला. १९२४ सालीं त्यानें जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्यांत ताण्याचा अथवा बाण्याचा धागा तुटतांच माग आपोआप थांबे. एरवीं धागा तुटला तरी माग चालतच राहावयाचा आणि सदोष कापड वारावारीनें निघावयाचें. आतां प्रत्येक मागाशीं राखण बसविण्याचें कारण उरलें नाहीं; एकाच माणसाला अनेक माग संभाळतां येऊं लागले. १९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स या यंत्रें बनविणाऱ्या पेढीनें या मागाच्या हक्कांबद्दल त्यांच्याशीं करार केला. पुढें साकिचीच्या मुलानें, किइचिरोनें, मोटारींचा उद्योग उभारला; १९३७ सालीं त्याची स्वतंत्र कंपनी झाली. चूक होतांच थांबण्याची जी मुभा मागाला होती, ती तेथें कालांतरानें माणसालाही मिळाली.

परंतु थांबणें ही केवळ अर्धी गोष्ट झाली. तेथील एक प्रमुख अभियंता ताइइची ओनो हा 'कां?' हा प्रश्न पांच वेळां विचारावयास शिकवी. यंत्र कां थांबलें? भार अधिक होऊन फ्यूज उडाला. भार कां वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसें नव्हतें. तें कां नव्हतें? वंगणाचा पंप नीट ओढीत नव्हता. कां? त्याचा दांडा झिजला होता. तो कां झिजला? गाळणी नसल्यामुळें धातूचा कीस आंत गेला. पहिल्याच उत्तरावर संतुष्ट होणारा नवा फ्यूज बसवून मोकळा होईल, आणि महिन्याभरानें यंत्र पुन्हां थांबेल. पांचव्या उत्तरापर्यंत जाणारा गाळणी बसवील.

१९५० सालीं जपानी शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघानें अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांना व्याख्यानांसाठीं पाचारण केलें. योजना, कृति, पडताळा आणि सुधारणा हें चक्र अखंड फिरतें ठेवण्याची पद्धति त्या व्याख्यानांच्या प्रेरणेनें तेथें रुजली. छापील व्याख्यानांचें मानधन डेमिंग यांनीं संघालाच दिलें, आणि त्यांतून १९५१ सालीं त्यांच्या नांवाचा पुरस्कार सुरू झाला. २००३ सालीं तो महिंद्रांच्या ट्रॅक्टर विभागास मिळाला, हें वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. या डेमिंग यांनीं पुढें व्यवस्थापकांसाठीं चौदा सूत्रें सांगितलीं. त्यांतील आठवें असें कीं, कामाच्या जागेंतून भीति घालवून द्यावी. आमच्या मतें सर्व चक्राचा आंस तो हाच. ज्याला भय आहे तो दोरी ओढणार नाहीं, आणि दोरी न ओढली गेल्यास 'कां?' हें विचारण्याचा प्रसंगच यावयाचा नाहीं.

हें तत्त्व आमच्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हतें. पाणिनीनें सूत्रें रचिलीं. त्यांत काय सांगितलें, काय राहिलें आणि काय चुकलें, याची छाननी कात्यायनानें वार्तिकांत केली. पतंजलीनें महाभाष्यांत दोघांचीही पुन्हां परीक्षा केली. मतभेद पडल्यास नंतरच्या मुनीचें मत अधिक प्रमाण मानावें, असा वैयाकरणांचा संकेत आहे. त्यामुळें पाणिनीचा मान तिळमात्र उणा झाला नाहीं.

हेंच व्याकरण आम्हीं आयुष्यभर शिकविलें, आणि तरी एके दिवशीं फळ्यावर 'भूपत्या' असें तृतीयेचें रूप लिहून बसलों. मागच्या बांकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, समासांत 'भूपतिना' व्हावयास हवें ना?" त्याचें म्हणणें बरोबर आहे हें आम्हांस तत्क्षणीं कळलें. तरीही उद्धटपणाबद्दल आम्हीं त्याला तास संपेपर्यंत बांकावर उभें केलें, आणि फळ्यावरचें रूप तसेंच राहूं दिलें. त्यानंतर वर्षभर त्या वर्गांत कोणीं शंका काढली नाहीं. आम्ही त्यालाच शिस्त समजलों. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत मात्र कित्येकांनीं 'भूपत्या' लिहिलें होतें. आम्हांस त्यांचे गुण कापवेनात. धागा तुटला होता, तो सांगणाराही होता. माग चालू ठेवला तो आम्हीं.

आमच्या वाचकांचीं घरें बहुधा मोठीं, चार पिढ्यांचीं. तेथें धाकट्या सुनेला हिशेबांतली चूक दिसते, नातवाला आजोबांच्या बोलण्यांतली विसंगति कळते. त्यांच्या हाताशीं दोरी आहे काय, आणि ती ओढल्यास त्यांना बांकावर उभें राहावें लागतें काय, हें प्रत्येक कर्त्या माणसानें एकदां स्वतःस विचारून पाहावें. आमच्या घरीं आम्हीं विचारलें. उत्तर मिळावयास बराच वेळ लागला. त्या वेळांतच आम्हांस उत्तर मिळालें.