पैसा जनतेचा, कागद मात्र कुलपात

सरकारी खजिन्यातून संशोधनासाठी दिला जाणारा पैसा आकाशातून पडत नाही. शेतमजूर काडेपेटी विकत घेतो तेव्हा तोही त्यात आपला वाटा घालीत असतो. अशा पैशातून जे ज्ञान निर्माण होते, ते पाहण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. तो लोकशाहीचा आहे.

'डीएमएच-११' या जनुकीय मोहरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे वाण दिल्ली विद्यापीठात तयार झाले. त्यासाठी पैसा दिला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणि केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने. यात बहुराष्ट्रीय कंपनी नाही, हीच या वाणाच्या समर्थकांची मोठी फुशारकी होती. मग सुरक्षाचाचण्यांची कागदपत्रे तरी प्रथमपासून उघडी असायला हवी होती. प्रत्यक्षात ती मिळविण्यासाठी माहिती अधिकाराखाली झगडावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने ती जाहीर करण्याचा आदेश दिला. त्यानंतर सप्टेंबरात सरकारने संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध करून हरकतींसाठी अवघे तीस दिवस दिले. संपूर्ण कागदपत्रे मात्र दिल्लीत मंत्रालयाच्या कचेरीत जाऊनच पाहावयाची होती. भरतपूरच्या मोहरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने गाडीभाडे खर्चून इंग्रजी आकडेवारी चाळावी, अशी ही लोकसहभागाची कल्पना!

वेगळा मार्ग या देशाला ठाऊक नव्हता असेही नाही. जालन्याच्या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्याची चाचणी-माहिती माहिती अधिकाराच्या आणि न्यायालयाच्या रेट्यामुळे २००८ साली उघड झाली. स्वतंत्र शास्त्रज्ञांनी ती तपासली, दोष दाखविले. पुढे नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लागवडीस स्थगिती दिली. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, त्याची कारणे लोकांपुढे लेखी आली, हे महत्त्वाचे.

यावर आक्षेप असा की, शास्त्रज्ञांना निर्वेधपणे काम करू द्यावे. ते खरेच आहे. कोणत्या शास्त्रज्ञाने काय शोधावे हे मंत्र्याने वा मोर्चाने ठरवू नये. परंतु शोधाचे स्वातंत्र्य निराळे आणि सुरक्षेच्या निष्कर्षांवर पडदा टाकणे निराळे. माहिती अधिकार कायद्याने व्यापारी गुपितांना संरक्षण दिले आहे. पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर ते संरक्षण गळून पडते, असेही त्याच कलमात म्हटले आहे. अन्नाच्या सुरक्षिततेहून व्यापक असे हित कोणते?

ऑक्टोबर २०२२ मध्ये या मोहरीच्या पर्यावरणीय मुक्ततेस मान्यता देण्यात आली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मान्यतेविषयी परस्परविरोधी निकाल दिले. मात्र सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचेही एकमत झाले. लोकांना न विचारता चालत आलेल्या कारभारावर याहून स्पष्ट ठपका कोणता असू शकतो?

प्रश्न एका मोहरीपुरता नाही. २०२३ च्या कायद्याने 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची योजना मांडताना त्यातील मोठा हिस्सा खासगी क्षेत्रातून येईल असे गृहीत धरले होते. सार्वजनिक आणि खासगी पैसा एकत्र आला की व्यापारी गुपिताची सबब अधिकच सोयीची होते. म्हणून मागणी आताच स्पष्ट हवी: प्रत्येक अनुदानाची रक्कम व हेतू, निष्कर्ष आणि अपयशसुद्धा जाहीर व्हावे, निर्णय समित्यांतील सभासदांचे हितसंबंध नोंदले जावेत, सुरक्षेची माहिती निर्णयापूर्वी आणि लोकभाषांत मिळावी.

ही मागणी ठरावात लिहून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील कृषी विद्यापीठाकडे आणि संशोधन केंद्राकडे माहितीचे अर्ज करावेत आणि आलेली उत्तरे गावसभेत वाचून दाखवावीत. कुलपाची किल्ली कायद्याने जनतेच्या हाती दिली आहे. ती वापरणारे हात हवेत.